कुंडीतली शेवंती

लढाई पेटली, चंदीगडच्या क्वार्टरच्या काचांना काळे कागद चिकटले, तरी साताऱ्याहून आणलेली शेवंती कुंडीत फुलतच राहिली. नयनाचा वैमानिक नवरा सीमेवर होता. ती रोज एक फूल माळायची. विधवा सासूबाई कुंड्यांना खतपाणी घालत, पण सुनेला फूल माळायला हात धजत नसे. एके दुपारी नयना नसताना एअरफोर्सची जीप दारात थांबली. “माताजी,” एवढंच म्हणून साहेबांनी टोपी काढली, सासूबाई समजल्या. सुनेला सांगायचं कसं? त्यांच्या सासूनं त्यांना आधी अबोलीचा गजरा माळला होता, मग नवरा गेल्याचं सांगितलं. नयना येताच त्यांनी टपोरं फूल खुडलं. “ये, आज मी माळते.” नयना पाठमोरी बसली. फूल खोवल्यावर त्यांना आठवलं, गजऱ्याची गोष्ट आपणच हिला सांगितली होती. “आई,” नयनानं मान न वळवता विचारलं, “कोण येऊन गेलं?”