सातवं बोट

भिवंडीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानात मी सेफ्टीची तपासणी करायला गेलो होतो. वायरिंग, शिड्या, सिलिंडर सगळं पाहून झाल्यावर आगीची घंटा वाजवली आणि घड्याळ लावलं. जिना समोरच होता. पण सहाच्या सहा सेल्सगर्ल उलट आत, स्टॉकरूमकडे पळाल्या.

मी वैतागलो. "आग लागल्यावर आत पळतं का कुणी?"

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या मध्ये सातवी मुलगी होती, तुळजा. हातात किमतीच्या टॅगांचा गठ्ठा तसाच.

"सर, ही आत टॅग लावते," त्यांच्यातली मेघाली म्हणाली. "हिला ऐकायला येत न्हाय. सोडून कसं जायचं?"

रिपोर्टात मी 'नापास' लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: स्टॉकरूममध्ये घंटेबरोबर पेटणारा लाल दिवा बसवावा.

महिन्याभराने पुन्हा गेलो. दिवा बसला होता. घंटा वाजवली, तर तुळजा सगळ्यांच्या आधी जिन्यापाशी पोचली, पण खाली उतरेना. एकेक मुलगी उतरत गेली, तशी ती एकेक बोट मिटत राहिली. सहा झाली. आता उतरेल म्हणून मी घड्याळावर अंगठा ठेवला.

ती आत आली, माझं मनगट धरलं आणि मला ओढतच जिना उतरली. रस्त्यावर पोचल्यावरच तिने माझा हात सोडला, आणि सातवं बोट मिटलं.