रेकॉर्डरला झेपेल तेवढंच

मोबाइलवर घरातलं रेकॉर्डिंग पाहून थोरल्या मुलाचं माथं भडकलं. चित्र धूसर होतं, पण अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या तोंडाकडे मावशींचा हात झपकन गेला आणि बाबांनी मान झटकली, एवढं त्यात दिसत होतं.

"दादा, मी तोंड पुसत होते त्यांचं," बाबांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"मग कॅमेरा खोटं बोलतो होय?" असं म्हणून त्याने त्यांना त्याच पावली घरी पाठवलं.

चित्र असं अंधुक का, ते बघायला कॅमेरेवाला आला आणि हसलाच. "साहेब, कॅमेरा घेतलात भारीतला आणि जोडलात जुन्या रेकॉर्डरला. त्याला झेपेल तेवढंच तो साठवणार, बारीकसारीक सगळं गाळणार. जे गाळलं ते आता परत येत नाही." त्याने कॅमेऱ्याच्या तोडीचा रेकॉर्डर बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी बाबांना सूप भरवून, शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगून थोरला कामावर गेला. दुपारी त्याने सकाळचं रेकॉर्डिंग उघडलं.



तोच झपकन जाणारा हात, तीच झटकलेली मान. फक्त या वेळी हात त्याचा स्वतःचा होता, आणि हातातला रुमाल लख्ख दिसत होता.