जिवंत रेषा

"खरा कलावंत हिवाळ्यातच निसर्गाशी बोलतो!" अशी घोषणा करून चित्रकलेच्या निवृत्त सरांनी कानटोपीच्या नाड्या बायकोकडून बांधून घेतल्या. मग ते गोठलेल्या तळ्याच्या मधोमध स्टूल टाकून बसले. रंग गोठू नयेत म्हणून पायाशी पेटती शेगडी ठेवली.

"अहो, बर्फावर विस्तव?" बायको काठावरून ओरडली.

"तुला कलेतलं काय कळतंय?"

"कलेतलं नाही कळत. बर्फ वितळतो, एवढं कळतं!"

सरांनी तिकडे पाठ फिरवली. सगळीकडे चिडीचूप होतं. उभी हयात त्यांनी पोरांच्या चित्रांवर लाल शाईने शेरा मारला होता, 'रेषा मेलेली आहे. जिवंत हवी.' त्यांच्या स्वतःच्या हातून मात्र तशी एकही उतरली नव्हती.

तेवढ्यात शेगडीखाली कट्ट असा आवाज झाला आणि पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक बारीक काळी रेषा उमटली. काय तिचा डौल! सर हरखून ती कागदावर उतरवू लागले, पण चित्र काही पुरं होईना, कारण बर्फावर ती अजून लांबतच होती. बघता बघता ती स्टुलाच्या पायांमधून मागे गेली, तिला फाटे फुटले आणि सरांच्या बुटात गार पाणी शिरलं.

सरांनी ब्रश अलगद खाली ठेवला. मान जराही न हलवता, लग्नानंतर प्रथमच इतक्या मऊ आवाजात ते म्हणाले,


"अगं, तेवढी शिडी आणून बर्फावर आडवी सरकवतेस का? पण पळत येऊ नकोस हं."