धीट

सोनारकाकांनी कानात तार टोचली, तरी माझी वर्षाची रेवती खुळखुळा वाजवतच राहिली. दुसरा कान टोचला, तेव्हाही तेच. रडं थांबवायला सासूबाईंनी हातात तयार ठेवलेला गुळाचा खडा तसाच राहिला.

“वाघीण आहे माझी! आजीवर गेलीय,” त्या म्हणाल्या.

“असं गिऱ्हाईक रोज मिळू दे,” सोनारकाका हसले.

मी तिच्या बोटांकडे बघत होते. दात आल्यापासून तिने ती चावून चावून सोलली होती. परवा गरम कुकरला तिचा हात लागला, फोड आला, पण तिने हात मागे घेतला नव्हता. सोशिक आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तिला आतल्या खोलीत नेऊन मी दार लोटलं. दुखल्याचा निरोप कातडीपासून मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांबद्दल मी कॉलेजात शिकले होते. एखाद्याच्या त्या मुक्याही असतात, हेही. तिच्या मांडीला चिमटा काढला. मग आणखी जोरात.

“रड ना गं बाळा. एकदाच रड.”

रेवतीने माझ्या ओल्या गालाला बोट लावलं आणि खुदकन हसली.

बाहेर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “डोळ्यातून टिपूस काढलं नाही हो पोरीनं!”