टोपलीखालचं पीठ

"माज्याबिगर कुनी टोपलीला हात लावायचा न्हाई," मनकर्णाबाईनं उठल्या उठल्या बजावलं.

हात लावायला तसं कुणी पुढं आलंच नव्हतं. भावकी भिंतीला टेकून चहा पीत होती. म्हातारीला मात्र चैन नव्हती. ओट्यावर जायची, रस्त्याकडं बघायची, पुन्हा आत यायची. पहाटेपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय, ते ध्यानात येईना. नवरा गेलाय, दुसरं काय चुकणार, असं म्हणून तिनं पदर खोचला.

ज्या कोपऱ्यात कारभारींनी जीव सोडला, तिथंच टोपली पालथी होती. आज त्यांचा दहावा. काल दिवेलागणीला तिनं स्वतः ती जागा सारवली, पीठ चाळून पसरलं, मधोमध दिवा लावला आणि वर टोपली झाकली. सकाळी पिठावर ज्याचा ठसा दिसेल, त्या जन्माला माणूस गेला. पाखराचं पाऊल म्हणा, मुंगीची वाट म्हणा, काहीतरी उमटतंच. निदान पूर्वी उमटायचं. गावाच्या अंगाला कारखान्याचं धुराडं उभं राहिलं आणि ठसे उमटायचे बंद झाले. पत्र्याच्या फटीतून, टोपलीच्या विणीतून काजळी झिरपायची. सासूबाईंचं पीठ काळं निघालं. शेजारच्या काशीबाईचंही काळं. आपलं माणूस कुठं गेलं, ते काजळीखाली दडलं ते दडलंच.

आईचं काळं पीठ बघून कारभारी पेटले. ते ताटात घालून थेट कारखान्यावर गेले. मॅनेजर हसला. म्हणाला, "बाबा, ही तुमच्या दिव्याची काजळी. नाहीतर चुलीची."

तेव्हापासून म्हातारा गेटावर बसायला लागला. पुतण्या कल्याण आणि गावातली चार पोरं सोबतीला. माणूस काडीसारखा, पण एकदा बसला की डबक्यातल्या म्हशीसारखा उठायचा नाही. धाप लागली तरी बसला. अर्ज करून करून पोरं थकली, तेव्हा कुठं तपासणीचे साहेब आले. काल आले, शाळेच्या गच्चीवर हवेचं यंत्र लावलं, गावातच मुक्काम केला. तेवढा दम म्हाताऱ्याला निघाला नाही.

साहेबांसमोर टोपली उचलायची, ही कल्याणची अक्कल. "काकू, यंत्राला कळंल न कळंल. काळं पीठ साहेबांच्या डोळ्याला दिसंल."

नणंद ठकूबाई कडाडली होती. "वयनी, माज्या भावाचा तमाशा मांडतीस व्हय?"

"तुजा भाऊ गेटावर खोकत हुता तवा कुठं हुतीस गं? आता आलीस पदर डोळ्याला लावून."

बोलली खरी. पण तिचं तिलाच ठरत नव्हतं. पीठ काळं निघालं तर म्हातारा जिंकला, पण गेला कुठं ते कधीच कळायचं नाही. आणि तिला कळायला हवं होतं. जन्मभर त्यानं तिच्या डब्यातला गूळ चोरून खाल्ला. "मेल्यावर मुंगळा हुनार तुमी," ती म्हणायची. तो बोटं चाटत म्हणायचा, "मग तुज्याच डब्याला चिकटीन. सोडतो व्हय तुला?"

देवापुढं तिनं हात जोडले, पीठ काळं निघू दे म्हणून. ओठ मात्र भलतंच पुटपुटले.

साहेब आले. बूट काढून आत आले, माणूस रीतीचा होता. कल्याणनं मोबाईल सरसावला. मनकर्णाबाईनं टोपली उचलली.

पीठ पांढरंशुभ्र.

त्यावर बारीक पायांची एक रेघ. भिंतीकडून आली होती, दिव्याला वळसा घालून फडताळाकडं गेली होती. फडताळात गुळाचा डबा.

"मुंगळा!" ठकूबाई रडता रडता हसली. "वयनी, मुंगळा झाला गं माजा भाऊ!"

कल्याणनं मोबाईल खिशात घातला. त्याचं तोंड बघवेना. साहेबांनी वाकून पिठाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट पांढरंच. "आजी, रात्रभर यंत्रातही काही आलं नाही. तुमची हवा तर चांगली दिसते."

मनकर्णाबाई त्या रेघेकडं बघत राहिली. घर गप्प होतं. सगळंच गप्प होतं. आणि पहाटेपासून काय चुकत होतं, ते तिला कळलं.

कारखान्याची घरघर.

ती ओट्यावर गेली. धुराडं नुसतंच उभं होतं, वर धुराची एक वेलांटी नाही. पहाटेचा भोंगाही झाला नव्हता. ती आत आली, तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज कोरडा.

"साहेब, त्यो दिवा बगा. रातभर जळला, अजून तेवतोय. चूलबी कालपासनं पेटलीया, एवढ्या पाव्हन्यांचा सैपाक झाला. मग पीठ का काळं न्हाई झालं?"

साहेब दिव्याकडं बघत राहिले. मग दारातून बाहेर, धुराड्याकडं. कल्याणचा हात पुन्हा खिशाकडं गेला.

"तुमी गावात हाय म्हनून माजा म्हातारा कुठं गेला ते दिसलं," ती म्हणाली. "सासूबाई कुठं गेल्या, अजून ठाव न्हाई."

तिनं टोपली पुन्हा पिठावर अलगद पालथी घातली.

"आता एवढं करा. गावात कुनी मरायला टेकलं, की आमी सांगावा धाडतो. मुक्कामाला येत जावा."