साजिदचा हात

"विचार त्याला पायल, ठेका मधीच घसरतो ती युक्ती काय होती?" आदिनाथ मोबाईलसमोर अक्षरशः हात जोडून बसल्ता.

मोबाईलमध्ये ब्राझीलचा एक म्हातारा होता. चाळीस वर्षांपूर्वी तिकडच्या पोरांनी एक्स्ट्रीम मेटल नावाचं कानठळ्या बसवणारं रॉक संगीत वाजवलं, त्यातल्या एका बँडचा हा ड्रमर. आदिनाथसाठी देवच. वाटूरच्या सरकीच्या गोदामात त्यानं 'खवीस' बँड काढला, तो हाच जुना आवाज पुन्हा जिवंत करायला. जशाचा तसा, काडीचाही फरक नको.

आता त्या ब्राझीलच्या बँडच्या जुन्या कॅसेटीत ठेका मधेच पुढं पळायचा, मधेच मागं रेंगाळायचा. आणि इथं ड्रमवर कोण? राजूरचा साजिद! बापाच्या बँडबाजात सातव्या वर्षापासून ताशा बडवलेला. वरातीत वाजवून वाजवून हात असा पक्का झाल्ता की ठेका केसभर हलायचा न्हाई. "जरा चुकत जा की!" आदिनाथ ओरडायचा. साजिद बिचारा घामाघूम. "भाई, हात ऐकत न्हाई. कसं चुकू?"

शेवटी मार्चात आदिनाथनं त्याला काढलं. पाच वर्षांपासूनचा दोस्त, आणि वर म्हणाला, "तू वरातीतच बरा." साजिदला ते फार लागलं. त्याच्या जागी भारत नावाचा पोरगा आला. भारतला ड्रमची काठी धरता येत नव्हती, म्हणूनच तर घेतला! घ्या, काय बोलायचं या शहाण्याला?

बँडमध्ये इंग्रजी येणारी पायल एकटीच, तिनं विचारलं. म्हातारा पोट धरून हसला, मग बोलत राहिला. ती मराठीत सांगायला लागली.

"युक्ती कसली, म्हणतोय. वाजवताच येत नव्हतं. रेकॉर्डिंगला एकच दिवस मिळाल्ता. ती कॅसेट ऐकली की आजबी मान खाली जाते म्हणे. आपलं पहिलं गाणं ऐकलंय त्यानं, साजिदनं वाजवलेलं. असा ड्रमर आम्ही जन्मभर शोधला, म्हणतोय. त्याला समोर बोलवा, सलाम करायचाय."

भारतनं काठ्या हळूच खाली ठेवल्या.

"सांग त्याला," आदिनाथ म्हणाला, "साजिदच सोडून गेला."

एवढंच वाक्य. पायल मात्र इंग्रजीत बराच वेळ बोलत राहिली, मधे 'मार्च' आणि 'वरात' आदिनाथलाबी कळलं. म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि त्यानं फोन ठेवला.