हाँगकाँगचा शहाणा

परदेशी संस्थांनी दिवसभरात कुठले शेअर घेतले, कुठले विकले, याचे आकडे आमच्या तैवानमध्ये दुपारी चारच्या सुमारास येतात. त्या वेळी माझी बायको बाओ-जू दाराची बेल वाजली तरी उठत नाही. मासेमारीचे गळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत हाँगकाँगची एकच संस्था दर मंगळवारी थोडे थोडे शेअर घ्यायची, आणि तिचं बघून बुधवारी सकाळी हीसुद्धा.

"शिका जरा त्या हाँगकाँगच्या शहाण्याकडून!" पेरू चिरता चिरता ती मला सुनवायची. "कसा थंड डोक्याने घेतोय बघा. नाहीतर तुम्ही! हातात पैसा आला की घातलाच पाण्यात. उगाच नाही मी तुमचं शेअरचं खातं बंद करायला लावलं."

आज आकडे आले आणि ती किंचाळलीच. "अहो, त्याने सगळे विकले! आतली काहीतरी बातमी लागलीय त्याला. उद्या बाजार उघडला की मीही सगळे फुंकून टाकते."

"घाई नको करूस," मी म्हणालो. "त्याला घरातच काही खर्च निघाला असेल."

"संस्थेला कसला आलाय घरखर्च? म्हणूनच म्हणते, तुम्हाला यातलं काही कळत नाही."



मी खिशातली पावती आणखी खोल सारली; रविवारी तिला साठ पूर्ण होतात, आणि हाँगकाँगमध्ये चोरून काढलेल्या माझ्या एकमाणसी संस्थेने तिच्यासाठी जेडची बांगडी घेतली आहे.